चेंबर गळतंय की वरून ओघळतंय? उतरवण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातली नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेली. तीन आठवड्यांपूर्वी ऑइल बदललं. त्यानंतर एकदा भर पावसात गाडी गगनबावड्याला जाऊन आली. आता पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढे दोन-तीन काळे डाग दिसतात. एका मेकॅनिकनं वाकून बघितलं आणि सांगितलं, "चेंबरचं पॅकिंग गेलंय, उतरवायला लागेल, साडेचार हजार." दुसरा म्हणाला, "कशाला उतरवताय, खालनं एम-सील मारून देतो." कुणाचं ऐकायचं, आणि तोवर गाडी चालवायची का?

आज तरी दोघांचंही ऐकू नका. पहिल्यानं सांगितलं ते खरं असू शकतं, पण नुसतं वाकून बघून ते सांगता येत नाही. दुसऱ्याचा उपाय तर गळती कुठून आहे हे माहीत नसतानाच ठरलाय.

ऑइल चेंबर, म्हणजे ऑइल साठतं ते भांडं, हा इंजिनाचा सगळ्यात खालचा भाग. वर कुठंही ऑइल सुटलं की ते ओघळत खालीच येणार, चेंबरच्या कडेवर जमणार आणि तिथून थेंब पडणार. त्यात गाडी धावताना समोरून येणारा वारा ते ऑइल मागे ढकलतो. म्हणजे थेंब पडतो ती जागा आणि ऑइल सुटतं ती जागा यात हातभर अंतर असू शकतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक होऊन गळायला लागलं तरी खालून बघणाऱ्याला चेंबरच ओलं दिसतं. चेंबर उतरवून, नवं सीलंट लावून, पैसे घेऊन गाडी परत जाते आणि आठवड्यात फरशीवर पुन्हा डाग. हे फार वेळा होतं. म्हणून तुमच्या प्रश्नातला पहिला भाग 'चेंबर कसं दुरुस्त करायचं' हा नाहीच. ते चेंबरच आहे का, हा आहे.

त्याही आधी एक काम आजच करा. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा घाला आणि पातळी बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत पाऊण ते एक लिटरचा फरक असतो. पातळी दोन खुणांच्या मध्ये असेल तर घाबरायचं कारण नाही, गावात गाडी चालवा, रोज सकाळी डिपस्टिक बघा. खालच्या खुणेला टेकली असेल तर आधी त्याच ग्रेडचं ऑइल भरा. आणि चालवताना डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर 'समोरच्या चौकात गॅरेज आहे, तेवढं जाऊ' हा विचारही करू नका. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो लागला याचा अर्थ बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही. दोन-तीन मिनिटांत क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, बेअरिंग खाल्लं जातं, आणि मग साडेचार हजारांचा विषय राहत नाही.

गळती किती मोठी आहे याचा अंदाज असा घ्या. २० थेंबांचा एक मिलीलिटर धरला तर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला ७२ मिलीलिटर. १४ दिवसांत लिटरभर. रात्रभरात दोन-तीन डाग म्हणजे यातलं काहीच नाही. पण उभ्या गाडीतली गळती आणि गरम इंजिनाची गळती सारखी नसते. ऑइल गरम झालं की पातळ होतं, आत दाबही असतो, त्यामुळं फरशीवर दोन थेंब दिसले तरी रस्त्यावर त्याच्या कितीतरी पट सांडत असू शकतं. म्हणून डाग मोजण्यापेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवा. नुसती ओल असेल, थेंब पडत नसेल आणि हजार किलोमीटरला पातळी हलत नसेल, तर नऊ वर्षांच्या गाडीचं चेंबर त्यासाठी उतरवू नये असं माझं मत आहे.

आता शोध. रात्री इंजिनाखाली मोठा पांढरा पुठ्ठा सरकवा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनानं खुणावून ठेवा. सकाळी थेंब कुठं पडले ते कळतं: पट्ट्यांच्या (बेल्टच्या) बाजूला, मध्ये, की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. रंगही पुठ्ठ्यावरच नीट दिसतो. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी आणि वासाला गोडसर. गिअर ऑइल जाडसर आणि गंधकासारख्या उग्र वासाचं. एसीचं पाणी वाळून जातं, मागे काही राहत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, पाण्यासारखं पातळ आणि बुळबुळीत काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग गाडी जागची हलवू नका.

पुठ्ठ्यानं बाजू कळते, जागा कळत नाही. त्यासाठी इंजिन धुवावं लागतं, आणि हीच पायरी सगळे गाळतात. गाडी थंड असताना खालचं प्लास्टिक कव्हर काढा. डिग्रीझर किंवा रॉकेल ब्रशनं लावून टॅपेट कव्हरपासून चेंबरपर्यंत सगळा राप काढा, फडक्यानं पुसून कोरडं करा. प्रेशरच्या पाण्याचा फवारा अल्टरनेटरवर आणि वायरिंगच्या जोडांवर मारू देऊ नका. पावसाळ्यात गगनबावड्याच्या रस्त्याचा तांबडा चिखल आणि ऑइल मिळून जो लगदा बसतो तो एका हातात निघत नाही, दोनदा धुवा. नीट वाळल्यावर चेंबरच्या कडेला, ड्रेन बोल्टभोवती आणि फिल्टरच्या बुडाशी साधी टाल्कम पावडर भुरभुरा. मग हायवेनं कागलपर्यंत जाऊन परत या. तीस-चाळीस किलोमीटरमध्ये इंजिन पुरेसं तापतं. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर ओली काळी रेघ जिथून सुरू होते, ती तुमची गळती. रेघेचं खालचं टोक बघू नका, वरचं बघा.

बघण्याचा क्रमही वरून खाली ठेवा. ऑइल भरायचं झाकण, टॅपेट कव्हरची कड, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टर, पट्ट्यांच्या बाजूचा क्रँक सील (क्रँकच्या टोकाभोवतीची रबरी कडी), आणि सगळ्यात शेवटी चेंबरचा सांधा आणि ड्रेन बोल्ट. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधूनच थेंब येत असेल, आणि त्याच्या वर कुठंही ओल नसेल, तर मागच्या क्रँक सीलचा संशय घ्यावा लागतो. ते काम गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय होत नाही, त्यामुळं तिथं खात्री न करता कुणाला हात लावू देऊ नका.

तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय तीन आठवड्यांपूर्वीच्या ऑइल बदलाचा आहे. ऑइल बदलल्यावर लगेच सुरू झालेली गळती बहुधा त्या दिवशी हात लागलेल्या दोन-तीन जागांपैकीच एकीतून असते.

पहिली जागा ड्रेन बोल्ट. त्याच्याखाली ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा वायसर असतो. बोल्ट आवळला की तो चेपतो आणि दोन धातूंमधली फट भरतो. एकदा चेपलेला वायसर दुसऱ्यांदा तसा चेपत नाही. म्हणून दर वेळी नवा टाकायचा. एका मिसळीच्या प्लेटपेक्षा स्वस्त वस्तू आहे, तरी सर्रास जुनाच बसवला जातो. मग गळतंय म्हणून बोल्ट आणखी आवळतात, पान्याला पाइप लावून आवळतात, आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे उतरतात. साधारण १४ मिलीमीटरच्या ड्रेन बोल्टला ३० ते ४० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला दहा-बारा किलोचा जोर, अंगाचा भार नाही. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तो घ्या.

वायसर बदलायला ऑइल काढावं लागेल, पण तीन आठवड्यांचं ऑइल फेकायचं कारण नाही. स्वच्छ, कोरड्या भांड्यात काढा आणि बारीक जाळीच्या नरसाळ्यातून परत भरा. बोल्ट काढल्यावर त्याचे आटे आणि चेंबरची बसण्याची जागा बोटानं चाचपा. तिथं जुन्या वायसरचा तुकडा चिकटलेला असतो, किंवा चर पडलेली असते. बोल्ट आवळताना नुसताच फिरत राहिला, घट्ट होईना, तर आटे गेलेत. तिथं टेफ्लॉन टेप गुंडाळणं हा उपाय नाही. जरा मोठा बोल्ट आटे कापत घुसवतात, तो चालतो, पण तिरका गेला की चेंबर चिरतं. चेंबर काढून हेलीकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवणं हे पक्कं काम. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे करणारे पुष्कळ आहेत. चेंबर हातात घेऊन गेलात तर काम थोड्या वेळाचं आहे. गाडीवरच आटे पाडायला दिले तर धातूचा कीस आत पडतो, ते टाळा.

दुसरी जागा फिल्टर. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते. मेकॅनिकच्या लक्षात येत नाही, नवा फिल्टर तिच्यावरच बसतो आणि दोन रिंगा एकमेकींवर घसरतात. सुरुवातीला थेंब येतो, मग एखाद दिवशी हायवेवर दाब वाढला की धार लागते. डाग लहान असले तरी हे आधी तपासा. फिल्टर बसवताना नव्या रिंगेला ऑइलचं बोट लावायचं, रिंग टेकली की हातानं पाऊण फेरा फिरवायचा. पान्यानं आवळायचा नसतो.

गगनबावड्याची फेरीही विसरून चालणार नाही. त्या रस्त्याला आणि एकूणच जिल्ह्यात ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या बंद पडल्या की चाकाला दगड लावतात. ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतो. रात्री किंवा पाण्यातून जाताना तो दिसत नाही आणि नेमका चेंबरला लागतो. पत्र्याचं चेंबर असेल तर पोचा येतो, ॲल्युमिनियमचं असेल तर केसासारखी चीर पडते. चीर थंड इंजिनावर दिसतही नाही, गरम झाल्यावर उघडते. म्हणून पावडर लावताना तळही बघा. ताजी खरचट, चमकणारा धातू दिसला तर तिथं बोटानं दाबून बघा.

पत्र्याच्या चेंबरला पोचा आहे पण गळत नाही, तर सोडून द्यायचं का? किती खोल आहे त्यावर. चेंबरच्या तळापासून थोड्याच अंतरावर ऑइल ओढणारी जाळी असते. पोचा आत येऊन जाळीला टेकला तर पंपाला ऑइल कमी मिळतं, आणि एक थेंबही न गळता इंजिन जातं. पोचा खोल वाटला तर चेंबर उतरवून बघाच.

आता समजा, सगळं धुऊन-पुसून बघितलं आणि रेघ खरोखर चेंबरच्या सांध्यापासूनच सुरू होते. तरी चेंबर उतरवण्याआधी एक गोष्ट बघा. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण हलकेच उघडा. थोडी थरथर ठीक, पण जोरात भपका बाहेर येत असेल तर इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर पडायची वाट तुंबलीय, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. ब्रीदरचा व्हॉल्व्ह, म्हणजे पीसीव्ही, चोंदला की आतली हवा सगळ्यात कमजोर सांधा शोधून ऑइल बाहेर ढकलते. अशा इंजिनाचं चेंबर सील केलं तर उद्या क्रँकचा सील गळेल. व्हॉल्व्ह साफ करणं किंवा बदलणं चेंबरच्या कामापेक्षा कितीतरी हलकं आहे.

चेंबर उतरवायचं ठरलंच, तर ते घरी करावं का? रॅम्प किंवा खड्डा नसेल तर नको. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नये, दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे पक्के स्टँड, हवेत. आणि काही गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडावा लागतो, तो पाठीवर झोपून निघत नाही. पण काम गॅरेजमध्ये दिलंत तरी कसं होतंय हे कळलं पाहिजे, कारण चेंबरची दुरुस्ती फसते ती ठरावीक कारणांनी.

पहिलं कारण घाई. ऑइल काढल्यावरही ब्लॉकच्या भिंतींवरून कित्येक तास थेंब खाली येत राहतात. दुपारी चेंबर उतरवून संध्याकाळी बसवलं की पुसलेली कड सीलंट लावेपर्यंत पुन्हा ओली होते. ओल्या कडेवर सीलंट धरत नाही. चेंबर उतरवून रात्रभर निथळू द्यावं, सकाळी साफ करून बसवावं. म्हणजे गाडी दोन दिवस द्यायची तयारी ठेवा. 'दोन तासात देतो' म्हणणाऱ्याला हे काम देऊ नका.

दुसरं कारण, काढण्याची पद्धत. जुनं सीलंट इतकं धरतं की बोल्ट काढले तरी चेंबर सुटत नाही. मग स्क्रू-ड्रायव्हर ठोकून उचकतात आणि ॲल्युमिनियमच्या कडेवर कायमची खाच पडते. पातळ पात्याची पट्टी कडेनं सरकवत, रबरी हातोडीनं टिचक्या देत काढायचं. बोल्ट साधारण बारा ते वीस असतात, बहुतेक १० च्या गोटीचे (१० मिलीमीटरच्या सॉकेट पान्याचे), पण लांबी सगळ्यांची एक नसते. पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून त्या-त्या भोकात तो-तो बोल्ट खोचून ठेवला की घोळ होत नाही. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर टेकतो, घट्ट वाटतो, पण सांधा दाबला जात नाही.

चेंबर खाली आलं की तळातला गाळ बघा. काळा चिखल ऑइल उशिरा बदलल्याचा. चंदेरी किंवा तांबूस चमक दिसली तर ती बेअरिंगची, आणि मग सीलंटची चर्चा थांबवून इंजिनाची करावी लागते. जाळी धुऊन घ्या. दोन्ही कडा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून, थिनर किंवा ब्रेक क्लीनरनं पुसून घ्या. ग्राइंडरची चकती किंवा एमरी पेपर लावू देऊ नका. तो कीस सरळ बेअरिंगमध्ये जातो. पत्र्याच्या चेंबरच्या भोकांभोवतीचा पत्रा जास्त आवळल्यानं वर उचललेला असतो, तो सपाट ठोकळ्यावर ठेवून हातोडीनं बसवावा आणि कडेवर लोखंडी पट्टी ठेवून फट तपासावी. हे न करता नवं पॅकिंग टाकलं तर ते बोल्टांच्या मधल्या भागात गळतंच.

तुमच्या इंजिनाला पॅकिंग आहे की नुसतं सीलंट, हे गाडीवर अवलंबून. हल्लीच्या पुष्कळ इंजिनांत पॅकिंग नसतंच. जिथं रबरी पॅकिंग आहे तिथं वरून आणखी 'अनाबॉन्ड'सारखं सीलंट चोपडायची गरज नाही, उलट पॅकिंग घसरतं. नुसतं सीलंट असेल तर इंजिन ऑइलला टिकणारं आरटीव्ही (हवेत आपोआप वाळणारं) सिलिकॉन घ्या आणि सुमारे तीन मिलीमीटर जाडीची, कुठंही न तुटणारी एकच रेघ ओढा. बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. पुढचं कव्हर आणि ब्लॉक जिथं मिळतात त्या कोपऱ्यांत एकेक थेंब जास्त. 'जास्त लावलं तर जास्त टिकेल' असं नसतं. जास्तीचं सीलंट आत दाबलं जातं, तिथं वाळून सुटतं आणि ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतं. गळती थांबते आणि सहा महिन्यांनी लाल दिवा लागतो.

सीलंट लावल्यावर त्यावर साय धरायच्या आत, पाच-दहा मिनिटांत, चेंबर बसलं पाहिजे. सगळे बोल्ट आधी हातानं, मग मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत. या छोट्या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे लहान पाना मनगटानं फिरवण्याइतके. नंतर ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा. चोवीस तास थांबलं तर उत्तम. सीलंट वाळल्यावर 'एकदा परत आवळून घेऊ' म्हणून पाना लावला तर धरलेला सांधा सुटतो. रबरी किंवा कॉर्कचं पॅकिंग मात्र काहीशे किलोमीटरनंतर हलक्या हातानं तपासायला हरकत नाही.

ऑइल भरताना पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमी भरा, डिपस्टिक बघून पुरं करा. इंजिन चालू केल्यावर लाल दिवा काही सेकंदांत विझलाच पाहिजे. दहा मिनिटं चालवून बंद करा, पुन्हा पातळी बघा, मग शंभर किलोमीटरनंतर एकदा.

एम-सीलचं काय? घाटात चेंबर चिरलं आणि गाडी गावापर्यंत आणायची असेल तर एम-सील उपयोगी आहे. तेही ऑइल काढून, चिरेची जागा थिनरनं कोरडी करून आणि पुरतं वाळू देऊन. ऑइलनं ओल्या धातूवर खालून थापलेलं एम-सील पहिल्याच गरमीत पापुद्रा होऊन सुटतं. सांध्याच्या गळतीवर तर ते लावूच नये. पुढं चेंबर काढताना बोल्टांची डोकी त्यात पुरलेली सापडतात. ॲल्युमिनियमच्या चिरेला आर्गन वेल्डिंग होतं, पण चेंबर गाडीवरून काढून, आतून-बाहेरून धुऊनच. उष्णतेनं कड वाकते, ती नंतर तपासून सपाट करून घ्यावी लागते. पत्र्याचं चेंबर फुटलं असेल तर मी वेल्डिंगच्या भानगडीत न पडता नवंच टाकायला सांगेन.

गळती थांबवायचं औषध म्हणून ऑइलमध्ये टाकायच्या बाटल्या मिळतात. त्या रबरी सील फुगवतात. वायसर, चीर आणि सिलिकॉनचा सांधा यांवर त्यांचा काही उपयोग नाही. तसंच ५डब्ल्यू-३० या पातळ ग्रेडच्या जागी २०डब्ल्यू-५० ही जाड ग्रेड टाकून 'जाड ऑइल कमी गळतं' हा सल्लाही नको. थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ घेतं आणि झीज वाढते.

तेव्हा त्या मेकॅनिकला असं सांगा: आधी धुऊन द्या, चाळीस किलोमीटर फिरवून आणतो, मग एकत्र बघू, ड्रेन बोल्टचा वायसर आणि फिल्टरची रिंग तेवढी आधी तपासा. धुण्याचे पैसे वेगळे घ्या म्हणावं. चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही. आणि चेंबरच निघालं तर काढलेलं चेंबर बसवायच्या आधी सकाळी येऊन बघतो, हेही आधीच बोलून ठेवा.

फरशीवरच्या डागांवर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून कपड्याच्या साबण-पावडरीनं घासा. काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका, ते शेवटी पंचगंगेत जातं. डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात द्या.